माग थांबतो तेव्हा

बाजारातून तुम्ही सदऱ्यासाठी कापड आणता. दुकानातल्या दिव्याखाली ते झकास दिसते. मग शिंपी ते फळीवर पसरतो, हात फिरवतो आणि म्हणतो, "अहो, यात उभी रेघ आहे. नेमकी पाठीवर येईल बघा." तुम्ही दुकानदाराला गाठता. तो म्हणतो, आम्ही काय करणार, माल वरूनच असा आला. वरून म्हणजे घाऊक व्यापाऱ्याकडून. तो कारखानदाराकडे बोट दाखवतो आणि कारखानदार मागावरच्या माणसाकडे. दोष असा खाली खाली उतरत जातो आणि ज्याच्या खाली कोणी नाही त्याच्या अंगाला चिकटतो.

आज मला या रेघेविषयीच बोलायचे आहे. मोठमोठ्या कारखान्यांत 'समग्र गुणवत्ता व्यवस्थापन' असे भारदस्त नाव असलेले एक शास्त्र चालते. नाव ऐकून घाबरू नका. त्याचे एक मूळ एका सुताराच्या मुलाने केलेल्या मागात आहे, आणि माग काय असतो हे आपल्या इचलकरंजी-मालेगावकडच्या पोराटोरांनाही ठाऊक आहे.

आधी ती रेघ पडते कशी ते पाहू. मागावर हजारो उभे धागे ताणलेले असतात, तो ताणा. त्यांच्यामधून धोटा इकडून तिकडे धावतो आणि आडवा धागा सोडतो, तो बाणा. ताण्यातला एखादा धागा तुटला तरी साधा यंत्रमाग थांबत नाही. त्याला कळतच नाही. एक धागा कमी अशा अवस्थेत तो विणतच राहतो आणि कापडावर उभी रेघ उमटत जाते. हिशेब करून पाहा. धोटा मिनिटाला दीडशे फेऱ्या मारतो आणि कापडात इंचाला पन्नास बाणे आहेत असे धरू. म्हणजे मिनिटाला तीन इंच कापड होते. कामगाराचे लक्ष पाच मिनिटांनी गेले, तर तोवर सव्वा फूट कापड बिघडले.

"मग त्याने लक्ष का ठेवू नये?" असे तुम्ही विचाराल. मीही एकदा एका शेडमध्ये हेच विचारले होते. मागांच्या खडखडाटात बोलणे ऐकू येईना, म्हणून तो कामगार मला दारापाशी घेऊन आला. म्हणाला, "साहेब, माझ्याकडं चार माग. एकाची कांडी संपली, ती बदलतोय तोवर दुसऱ्यावर तार तुटते. मजुरी मीटरवर. माग थांबवून गाठ मारीत बसलो तर मीटर कमी. नाही थांबवला तर खराब मालाचे पैसे कापतात. तुम्हीच सांगा, काय करू?"

मला उत्तर देता आले नाही. त्या माणसाला कष्टाचा कंटाळा नव्हता, डोळेही शाबूत होते. त्याची अडचण त्याच्या मागात होती आणि मजुरीच्या रीतीतही होती.

याच अडचणीवर जपानात एका माणसाने जन्म वेचला. साकिची टोयोडा हे त्यांचे नाव. जन्म 1867 सालचा, यामागुची नावाच्या खेड्यातला. ते खेडे आता कोसाई शहरात गेले आहे. वडील सुतारकाम आणि थोडी शेती करीत, आई मागावर विणी. आईचे ते कष्ट पाहत हा मुलगा वाढला. शाळा बेताचीच झाली. पण हाताला सुतारकी होती. 1890 साली त्यांनी लाकडी हातमागात सुधारणा करून तो एका हाताने चालेल असा केला आणि पुढच्या वर्षी त्याचे पेटंट घेतले. 1896 साली त्यांनी शक्तीवर चालणारा माग केला. बाण्याचा धागा तुटला की तो माग आपोआप थांबे.

आपोआप थांबणारे यंत्र! त्या काळी यंत्राचे कौतुक ते किती वेगाने चालते यावरून होई. याचे कौतुक ते कधी थांबते यासाठी होते. पुढे अनेक वर्षांच्या खटपटीनंतर 1924 साली साकिचींनी मुलगा कीइचिरो याच्या साहाय्याने 'जी' प्रकारचा स्वयंचलित माग सिद्ध केला. बाणा संपत आला की हा माग वेग न मोडता स्वतःच धोटा बदलून घेई. आणि ताण्याची युक्ती तर ऐकण्यासारखी आहे. प्रत्येक उभ्या धाग्यावर एकेक पातळ धातूची पट्टी अडकवलेली असते. धागा ताठ असेतोवर पट्टी वर लोंबकळत राहते. धागा तुटला की ती खाली पडते, खाली हलत असलेल्या दांड्याची वाट अडवते आणि माग बंद पडतो. विजेचे यंत्र नाही, मोठे गणित नाही. बैलाच्या गळ्यातली घंटा जितकी साधी, तितकीच ही पट्टी.

असा माग प्रथम साकिचींनीच केला असे मात्र समजू नका. अमेरिकेत नॉर्थ्रप नावाचा स्वयंचलित माग 1890 नंतरच्या दशकातच निघाला होता. साकिचींचा माग या साऱ्या सोयी उत्तम रीतीने एकत्र आणणारा होता, इतका की 1929 साली इंग्लंडातील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने त्याच्या हक्कांसाठी एक लाख पौंडांचा करार केला. जगाला माग पुरवणाऱ्या इंग्रजांनी जपानी मागाचे हक्क विकत घ्यावेत, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

या पट्टीने काय साधले? पहिली गोष्ट म्हणजे खराब कापड तयार होणेच थांबले. तयार झाल्यावर निवडून बाजूला काढणे निराळे आणि तयारच न होणे निराळे. दुसरी गोष्ट अशी की माणूस मागाची राखण करण्यातून सुटला. पूर्वी तो धागा तुटतो का हे पाहत डोळे फाडून उभा असे. आता माग चालू आहे म्हणजे ठीक आहे; थांबला तरच जायचे. त्यामुळे एक माणूस कितीतरी जास्त माग सांभाळू लागला. चांगला माल करायचा तर उत्पादन कमी होणार आणि खर्च वाढणार, अशी आपली पक्की समजूत असते. इथे थांबण्याची सोय केल्यावर दोन्ही एकदम सुधारले. मात्र एका माणसाने जास्त माग सांभाळले म्हणजे बाकीच्यांचे काय, हा प्रश्न उरतोच, आणि तो कोणत्याही पट्टीने सुटलेला नाही.

नव्या यंत्राची चर्चा आपण बहुधा वेगावर संपवतो, म्हणून हे इतके लांबवून सांगितले. थांबता न येणारे वेगवान यंत्र खराब मालही वेगानेच काढते.

आता दुसरा धागा हाती घेऊ. योगायोग असा की त्याच 1924 सालच्या मे महिन्यात, अमेरिकेत टेलिफोनची सामग्री तयार करणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत वॉल्टर शूहार्ट नावाच्या शास्त्रज्ञाने आपल्या वरिष्ठांना एक लहानसे टिपण दिले. टिपण जेमतेम पानभर आणि त्यात एक आकृती. आकृतीत मधे एक आडवी रेघ, तिच्या वर एक मर्यादा, खाली एक मर्यादा, आणि रोजच्या तपासणीचे ठिपके. याला नियंत्रण आलेख म्हणतात.

तो समजायला घरच्या चुलीपाशी चला. तुमची आई रोज भाकरी थापते. एकही भाकरी दुसरीसारखी तंतोतंत नसते. एखादी जरा जाड, एखादी कडेला फुटलेली. याला तुम्ही दोष म्हणत नाही. हाताचे काम आहे, थोडे इकडेतिकडे व्हायचेच. पण एखाद्या दिवशी सगळ्याच भाकऱ्या थापताना तुटू लागल्या तर? तेव्हा ती स्वतःच म्हणते, "पिठाची विरी गेली गं बाई." म्हणजे काहीतरी वेगळे घडले आहे आणि ते हातात नसून पिठात आहे. रोजच्या किरकोळ फरकावरून तिला बोलणे हा अन्याय, आणि पीठ बिघडले असताना "आज नशीबच खराब" म्हणून सोडून देणे हा आळस. शूहार्टनी या दोन चुका वेगळ्या केल्या आणि कोणता फरक नेहमीचा, कोणता वेगळा, हे ठरवायला हिशेबाची रेघ आखून दिली.

शिक्षक मंडळींना हा प्रयोग वर्गात करता येईल. समजा, वर्गाचा पट 40 आहे आणि महिन्याभराची सरासरी हजेरी 35. फळ्यावर रोजचे ठिपके काढा: 35, 36, 34, 37, 33. मग 35 ला सरासरी गैरहजर 5 ने गुणा आणि पटाच्या 40 ने भागा, येतात 4.375. त्याचे वर्गमूळ सुमारे 2.1, त्याची तिप्पट 6.3. ती 35 मधून वजा केली की खालची मर्यादा येते 28.7. तेव्हा 33 च्या दिवशी मुलांवर डाफरण्यात अर्थ नाही. ते नेहमीचेच वरखाली आहे. पण एका मंगळवारी 21 आले, तर त्या दिवशी गावात काय होते ते शोधलेच पाहिजे. बाजार होता? कापूस वेचणी सुरू झाली? ओढ्याला पाणी आले? (एका घरची दोन भावंडे बहुधा एकदमच गैरहजर राहतात, म्हणून हा हिशेब अगदी काटेकोर नव्हे, पण कामाला पुरतो.) बऱ्याच शाळांत 33 वर रागावणे होते आणि 21 वर नुसता शेरा पडतो, असा माझा अनुभव आहे.

ही विद्या जपानात पोचली ती युद्धानंतर. त्या वेळी जपानी माल म्हणजे स्वस्त आणि तकलादू, अशी जगभर ख्याती होती. खेळणे मोडले की जुनी माणसे "जपानी असेल" म्हणत. 1950 च्या उन्हाळ्यात जपानी शास्त्रज्ञ आणि अभियंते यांच्या संघाने एडवर्ड्‌स डेमिंग या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांना व्याख्यानांसाठी बोलावले. शूहार्टच्या विचारांवरच ते घडलेले होते. त्यांनी अभियंत्यांना आलेख शिकवले, आणि कारखान्यांच्या प्रमुखांना बसवून वेगळेच सांगितले: बिघाडाचा मोठा भाग कामगाराच्या हातात नसतो; तो तुम्ही लावून दिलेल्या पद्धतीत असतो. व्याख्यानांच्या पुस्तिकेचे मानधन त्यांनी घेतले नाही. त्यातून 1951 साली डेमिंग पारितोषिक सुरू झाले. 1962 पासून काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने कारखान्या-कारखान्यांत कामगारांची लहान मंडळे निघाली. आठ-दहा जण एकत्र बसत आणि आपल्याच कामातला एखादा दोष घेऊन त्याचा माग काढीत. गुणवत्ता हे तपासनीसाचे काम न राहता सगळ्यांचे झाले. 'समग्र' म्हणतात ते यालाच.

आता जरा मनाला लागेल असे सांगतो. शूहार्ट स्वतः भारतात आले होते, आणि तेही 1947-48 च्या हिवाळ्यात, म्हणजे डेमिंगच्या जपानी व्याख्यानांच्याही आधी. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1931 साली कोलकात्यात स्थापलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेने त्यांना बोलावले होते. आलेख इथे आला, शिकवला गेला, काही गिरण्यांत वापरलाही गेला. पण डेमिंग पारितोषिक पहिल्या भारतीय कंपनीला मिळाले ते 1998 साली, चेन्नईच्या सुंदरम-क्लेटन या कंपनीच्या ब्रेक विभागाला. मधे अर्धे शतक गेले. बुद्धी कमी पडली असे मी मानत नाही. ज्या देशात स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे, तिथे येईल ती स्कूटर माणूस हार घालून घरी नेई. मग कारखानदाराने ठिपके कशाला मोजावेत?

टोयोडांच्या घराण्यात इकडे कीइचिरोंनी 1933 साली मोटारींचा विभाग काढला आणि 1937 साली टोयोटा मोटार कंपनी उभी राहिली. तिथे ताइइची ओनो नावाचे अभियंते होते. ते 1932 पासून टोयोडांच्या कापड कंपनीत होते आणि 1943 साली मोटारीकडे आले. मागाची पट्टी त्यांच्या डोक्यात होती. मोटारीच्या कारखान्यात गाड्या रांगेने पुढे सरकत जातात आणि प्रत्येक जण आपापला भाग जोडतो. ओनोंनी ठरवले की दोष दिसला तर कोणत्याही कामगाराने ही रांग थांबवावी. पुढे त्यासाठी डोक्यावर दोरी लावली गेली. दोरी ओढली की दिवा लागतो, नायक धावत येतो. तेवढ्यात दोष निघाला नाही तर रांग उभी राहते. विचार करा, एका साध्या कामगाराच्या हातात सबंध कारखाना थांबवण्याचा अधिकार! धाग्यावरच्या पट्टीचे काम आता माणसाकडे आले होते, आणि पट्टीला भीती वाटत नाही, माणसाला वाटते. म्हणून दोरी टांगणे सोपे आणि ती ओढणाऱ्याला शाबासकी देणे अवघड.

थांबल्यावर काय करायचे? ओनो सांगत, 'का' असे पाच वेळा विचारा. आपल्या विहिरीवरचाच प्रकार घ्या. पंप तापून जाम झाला. का? पाणी न ओढता कोरडाच फिरत राहिला. का? नळातले पाणी उतरून गेले होते. का? तळाचा फूटव्हॉल्व्ह नीट बसत नव्हता. का? त्यात काडीकचरा अडकला होता. का? बाहेरची जाळी गेल्या उन्हाळ्यापासून फाटलेली. मिस्त्री पंप खोलून, दुरुस्त करून, पैसे घेऊन जातो आणि दीड महिन्याने पुन्हा येतो, कारण पहिल्या 'का'पाशीच आपण थांबलो. जाळीची किंमत काय, आणि पंप किती वेळा खोलला?

शेतकऱ्याला याची झळ फार जवळून बसते. पेरणीला वापसा आला आहे, उद्या पाऊस येईल असे आभाळ आहे, आणि ट्रॅक्टरचे चार पैशांचे सील गळून तेल वाहते आहे. कारखान्याच्या हिशेबात तो शंभरातला एखादा ट्रॅक्टर. ज्याच्या शेतात तो उभा आहे त्याची सगळी पेरणी. 2003 साली महिंद्र आणि महिंद्रच्या शेती अवजार विभागाला डेमिंग पारितोषिक मिळाले. ते मिळवणारी जगातली ती पहिली ट्रॅक्टर कंपनी. तिचे ट्रॅक्टर आपल्या कांदिवलीत आणि नागपुरातही होत. पारितोषिकाच्या ढालीपेक्षा, तपासायला आलेली जपानी मंडळी अगदी खालच्या कामगारालाही "हे असे का करता?" म्हणून विचारतात, हे मला अधिक मोलाचे वाटते.

आणि तरीही हे शास्त्र एकदा शिकले की कायमचे अंगी मुरते, असे नाही. टोयोटाच्याच पूर्ण मालकीची दाइहात्सु ही छोट्या मोटारी करणारी कंपनी. 2023 च्या डिसेंबरात बाहेरच्या चौकशी समितीने दाखवून दिले की तिच्या 64 मॉडेलांच्या बाबतीत चाचण्यांत गैरप्रकार झाले होते, आणि त्यांतला सर्वांत जुना 1989 सालचा होता. कंपनीला देशातली आणि परदेशातली गाड्यांची रवानगी थांबवावी लागली. समितीने कारण दिले ते असे: नव्या गाडीची तारीख इतकी आवळलेली, की चाचणी फसली असे म्हणायची सोयच कोणाला उरली नव्हती. तिथे आलेख होते, संगणक होते. रांगेवर ओढायला दोरी होती, पण चाचणीच्या खोलीत ती कोणी ओढली नाही. आपल्या शेडमधला तो कामगार मला तेव्हा आठवला. मीटर कमी झाला तर मजुरी कमी, आणि गाडी उशिरा झाली तर साहेबाची मर्जी कमी, फरक एवढाच.

तो कामगार ज्या शेडमध्ये होता, तिथे मी पुढे पुन्हा गेलो. जुन्या मागांपैकी काही मोडीत निघाले होते आणि त्यांच्या जागी बिनधोट्याचे नवे माग आले होते. प्रत्येक धाग्यावर ती पट्टी आहे, माग थांबला की वर दिवा लागतो. मजुरी अजून मीटरवरच आहे. त्यावर त्यांचे बोलणे चालू आहे म्हणे. पण मालकाने एक गोष्ट केली होती. भिंतीवर एक पाटी टांगून, माग थांबला की कोणता माग आणि कशामुळे, एवढी खूण खडूने करायला सांगितली होती. खूण केल्याबद्दल कोणाचे पैसे कापायचे नाहीत, हेही ठरले होते. दोन आठवड्यांनी पाटी पाहिली तर खुणा सगळ्या मागांवर सारख्या पसरलेल्या नव्हत्या. बहुतेक खुणा दोनच मागांपुढे होत्या, आणि त्या दोन्हींवरचे बीम एकाच खेपेला सायझिंगहून आलेले. कामगार तेच होते, माग तेच होते. सुताला खळच नीट बसली नव्हती. मालक पाटीवरच्या खुणा कागदावर उतरवून घेऊन सायझिंगवाल्याकडे निघाला होता. जाताना त्याने त्या कामगारालाही बरोबर घेतले.